मका चिप्स तेलकट लागले, चुन्याचा वास आला: दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा. ‘चिप्स तेलकट, निम्मे फुगून फुटलेले, वर मक्यात चुना कालवतात’ असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात. तेल अन् फुगे, दोन्ही चुका आमच्याच. चुन्याचं मात्र तसं नाही.

सिल्लोड-कन्नडकडचा मका नुसता दळला तर त्याची भाकरी थापता येते, पण मशीनवर कागदासारखी पातळ पोळी लाटताना ती तुटते. म्हणून 10 किलो मक्याला 30 लिटर पाणी अन् खाण्याच्या चुन्याची 100 ग्रॅम कोरडी पूड घालतो. पाऊण तास शिजवायचं, रात्रभर त्याच पाण्यात ठेवायचं. टरफल सुटतं, वाटलेल्या पिठाला चिकटपणा येतो, शिवाय मक्यातलं नियासिन हे ब जीवनसत्त्व अंगी लागतं. मेक्सिकोत टॉर्टियाचा, म्हणजे तिकडच्या पातळ पोळीचा, मका पूर्वापार असाच शिजवतात. तुम्हाला आलेला वास या चुन्याचाच. सकाळी ते पाणी काढून टाकून मका चोळून तीनदा धुतो. चव साबणासारखी लागली असेल तर धुणं कमी पडलं, तसं असेल तर जरूर कळवा.

आता तेलाचं. कापलेले तुकडे आधी भट्टीत अर्धा-पाऊण मिनिट भाजतात, मग पंधरा-वीस मिनिटं पसरून ठेवतात. भाजल्यावर कडा कोरड्या होतात, मध्यभाग ओला राहतो. पसरून ठेवलं की ओल सारखी होते. त्या दिवशी गर्दीत हे थांबणं गाळलं. मग आतली वाफ कोंडून फुगे आले, फुटले अन् त्यांत तेल भरलं. त्यात घाणाही मोठा टाकला होता. तेल 180 अंशांवर हवं, ते खाली उतरलं की तळायला वेळ लागतो अन् चिप्स तेल पितात. नीट तळलेल्या 100 ग्रॅम चिप्समध्येही 22 ते 25 ग्रॅम तेल असतंच, त्याहून कमीचं वचन देत नाही.

आता घाणा निम्मा केला आहे, कढईला थर्मामीटर लावला आहे.

पाकीट फेकलं असेल तरी चालेल, बिलाचा फोटो दाखवा, बदलून देऊ. अन् नवं पाकीट उघडल्यावर उरलेले चिप्स घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात उघडे राहिले की तासाभरात मऊ पडतात. कोरड्या तव्यावर मंद आचेवर हलवून घेतले की परत कुरकुरीत होतात, तेल घालू नका.