महासत्तेच्या लष्करी कारवाईवर बाहेरच्यांनी बोलू नये?

अमेरिकेच्या एखाद्या लष्करी कारवाईची चर्चा निघाली की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. लोकशाही राष्ट्र आपल्या चुका आपणहून सुधारते. जो रणांगणावर नव्हता त्याला सैनिकांविषयी बोलण्याचा अधिकार नाही. टीकेमुळे शत्रूचेच फावते. शत्रूचे अत्याचार तर याहून भीषण असतात. तेव्हा बाहेरच्यांची टीका अनैतिक ठरते, असे त्याचे सार आहे. यातला पहिला मुद्दा सर्वांत भारदस्त वाटतो, म्हणून तो जरा सविस्तर तपासू.

१६ मार्च १९६८ रोजी दक्षिण व्हिएतनाममधील माय लाय येथे अमेरिकी सैनिकांनी नि:शस्त्र गावकऱ्यांची कत्तल केली. व्हिएतनामी नोंदीनुसार ५०४, तर अमेरिकी लष्कराच्या नंतरच्या मोजणीनुसार ३४७ माणसे मारली गेली, आणि त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले व वृद्ध होते. लष्कराने त्या वेळी मात्र १२८ शत्रुसैनिक ठार झाल्याचे सांगितले, जरी हाती लागलेली शस्त्रे अवघी तीन होती. अंतर्गत चौकशी झाली, नाही असे नाही. ती त्या सैनिकांच्याच ब्रिगेडचे प्रमुख कर्नल हेंडरसन यांनी केली आणि सुमारे २० नागरिक अनवधानाने मेल्याचा निष्कर्ष काढला. पुढे रॉन रायडनआवर या माजी सैनिकाने १९६९ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षांसह अनेक लोकप्रतिनिधींना पत्रे पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये पत्रकार सेमूर हर्श यांच्या बातम्यांनी प्रकरण जगासमोर आणले. दोषी ठरला तो कत्तल करणाऱ्या तुकडीचा प्रमुख, एकटा लेफ्टनंट कॅली. त्याला जन्मठेप झाली, परंतु राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने तुरुंगाऐवजी नजरकैदेत ठेवले गेलेला हा अधिकारी १९७४ मध्ये मोकळा झाला. म्हणजे जी काही सुधारणा झाली ती टीकेच्या रेट्याने झाली, आणि तो रेटा जेथे ओसरला तेथेच ती थांबली.

रणांगणावर असणाऱ्याचे तरी ऐकले जाते का? हेलिकॉप्टरचालक ह्यू थॉम्प्सन त्या दिवशी तेथेच होते. सैनिक आणि गावकरी यांच्यामध्ये हेलिकॉप्टर उतरवून त्यांनी काही जीव वाचवले, वरिष्ठांकडे तक्रारही केली. त्यांना मिळाले काय, तर वर्षानुवर्षे देशद्रोहाचा ठपका; 'सोल्जर्स मेडल' हे शौर्यपदक मिळायला १९९८ साल उजाडले. प्रत्यक्षदर्शी असण्याची अट टीका रोखण्यासाठी घातली जाते, प्रत्यक्षदर्शीचे ऐकण्यासाठी नव्हे.

शत्रूचे फावण्याचा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. मृतदेह गावकऱ्यांनीच पुरले होते आणि अमेरिकेविरुद्ध लढणाऱ्या व्हिएत काँग या कम्युनिस्ट गनिमांनी कत्तलीचा प्रचारही केला होता. सत्य दडवले गेले ते अमेरिकी मतदारापासून.

शत्रूच्या अत्याचारांचा मुद्दा मात्र अंशतः खरा आहे. त्याच वर्षी ह्युए शहर ताब्यात असताना कम्युनिस्ट सैन्याने मोठ्या संख्येने नागरिकांची हत्या केली होती, आणि माय लायवर बोलताना ह्युए गिळून टाकणारा टीकाकार स्वतःची विश्वासार्हता गमावतो. पण त्यातून माय लायला सूट मिळत नाही. नाझी नेत्यांवरील न्यूरेंबर्ग खटल्याच्या प्रारंभी, १९४५ मध्ये, अमेरिकेचेच मुख्य सरकारी वकील रॉबर्ट जॅक्सन यांनी बजावले होते की ज्या मोजपट्टीने आपण आज या आरोपींना मोजतो, तिनेच उद्या इतिहास आपल्याला मोजेल. ही मोजपट्टी महासत्तेने स्वतः निवडलेली आहे.

राहिला 'बाहेरचे' हा शब्द. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकी युद्धनौका व्हिन्सेन्सने बंदर अब्बासहून दुबईला निघालेले इराण एअरचे प्रवासी विमान पाडले. २९० जण मेले, त्यांत १० भारतीय होते. त्यांच्या देशाला बाहेरचा कसे म्हणायचे? येथे टीकाकारावरही एक बंधन येते: हेतुपुरस्सर कत्तल आणि घोडचूक यांना एकाच पारड्यात टाकणे अप्रामाणिकपणाचे आहे. तरीही विमान खाली झेपावत होते, असे सुरुवातीला सांगितले गेले आणि नौकेच्याच यंत्रांतील नोंदींत ते वर चढत होते. १९९० मध्ये कप्तानाला सेवापदकही दिले गेले. चूक अनवधानाने झाली हे मान्य केले, तरी या दोन गोष्टींचा जाब विचारण्यात अनैतिक काय आहे, हे त्या युक्तिवादाच्या समर्थकांनी सांगावे.