जरा पुढं बसा की

मे महिन्यात सांगलीत पारा चाळिशीच्या आसपास घुटमळायला लागला की आमच्या कॉलनीच्या फाटकावर फलक लागतो : ‘वसंत व्याख्यानमाला, रोज सायंकाळी ठीक ६.३० वाजता’. त्यातल्या ‘वसंत’ला हसू नये. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, हे पंचांगाप्रमाणं अगदी बरोबर आहे. पंचांगाला घाम येत नाही, एवढंच. ‘ठीक’ या शब्दाला मात्र खुशाल हसावं.

या प्रकाराचं मूळ पुण्यात आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली तिथं वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि मग घाम पुसत पुसत विचार ऐकायची सवय महाराष्ट्रभर पसरली. दीडशे वर्षांत वक्ते बदलले, विषय बदलले, कंदील जाऊन हॅलोजन आले. पण पहिल्या रांगेत बसायला कुणी तयार नसणं हे तेव्हापासून तसंच असणार, अशी माझी खात्री आहे. माझी तक्रार त्या रांगेबद्दलच आहे, कारण गेली चार वर्षं ती मी एकट्यानं चालवतोय.

आमच्याकडं पुढच्या रांगेत खुर्च्या नसतात, सोफे असतात. मंडपवाल्याचे, लाल मखमली. लग्नसराईत ते दुपारपर्यंत कुठल्या तरी कार्यालयात नवरा-नवरीखाली असतात आणि संध्याकाळी टेम्पोतून आमच्याकडं येतात. बसल्यावर खाचेत बोट घातलं तर अक्षता सापडतात. वैशाखात मखमलीला पाठ लावून आणि तोंडावर हॅलोजन घेऊन दोन तास बसलं की भाकरीचं दुःख कळतं. एक बाजू तव्यावर, दुसरी आरावर. उभे पंखे दोन असतात. पण पंख्याची घरघर माईकमध्ये शिरते, म्हणून स्वागतगीत संपलं की ते बंद करतात.

उद्घाटनाला या सोफ्यांवर माननीय बसतात. माननीय शाल घेतात, श्रीफळ घेतात, ‘पुढचा एक कार्यक्रम आहे’ म्हणतात आणि जातात. त्यांच्यामागं त्यांच्याबरोबरचे सहा जण जातात. त्यामुळं वक्ता ‘उपस्थित रसिकहो’ म्हणायला उभा राहतो तेव्हा समोर दात पडलेलं बोळकं असतं आणि रसिक थेट सातव्या रांगेपासून सुरू होतात.

चार वर्षांपूर्वी अशाच वेळी आमच्या मंडळाचे सेक्रेटरी आप्पा कमरेत वाकून माझ्यापाशी आले.

“जरा पुढं बसा की.”

“आप्पा, मी इथं बरा आहे.”

“ते दिसतंय. फोटोत बरं दिसंना झालंय.”

आप्पा निवृत्त हेडमास्तर आहेत. त्यांनी ‘पुढं बस’ म्हटल्यावर मागं बसून राहायची हिंमत आमच्या पिढीत नाही. मी गेलो. आणि त्याच दिवशी माझ्या मानेनं घात केला. मला स्पाँडिलायटिस आहे. डॉक्टरांनी दर पाच मिनिटांनी मान वर-खाली करायला सांगितलंय. मी केली. वक्त्यांचा चेहरा उजळला. तिथून पुढं ते सभेशी बोललेच नाहीत, माझ्याशी बोलले. जाताना आप्पांना म्हणाले, “तुमच्याकडं जाणकार श्रोते आहेत हो.” झालं. पुढच्या वर्षी निमंत्रणपत्रिकेवर नाव नसलेला एकमेव पदाधिकारी मी होतो.

यंदाचीच गोष्ट घ्या. पहिल्या दिवशी, महाराष्ट्र दिनाला, विषय होता महाराष्ट्र राज्याची स्थापना. म्हणजे १ मे १९६० गाठायचं होतं. वक्त्यांनी निघायला सातवाहनांची राजवट निवडली. आठ वाजता आम्ही देवगिरीच्या यादवांकडं होतो, पावणेनऊला कसेबसे शनिवारवाड्यात पोचलो. प्रत्येक शतक संपलं की ते माझ्याकडं बघून “होय ना?” विचारायचे आणि मी मान हलवून पुढच्या शतकाला परवानगी द्यायचो. मागून कुणीतरी कुजबुजलं, “ह्यांना हलवू नका म्हणावं मान, जेवायचंय.”

दुसऱ्या दिवशी ‘हृदयाची काळजी’. वक्ते स्वतः डॉक्टर. डॉक्टरांच्या व्याख्यानाला पुढं बसण्यातला धोका असा, की त्यांना नमुना लागतो. “पोटाचा घेर वाढला की समजावं,” असं म्हणून त्यांची नजर सभेवरून फिरत फिरत खाली आली आणि थांबली. तिला थांबायला दुसरी जागाच नव्हती. मी मांडीवरची पिशवी हळूच पोटावर घेतली. “आता बघा, सहा वाजता आमरस-पुरी खाऊन कुणी इथं आलं असेल...” एवढं अचूक निदान मी आजवर फी देऊनही ऐकलेलं नाही. त्यांनी पुढं जे काय सांगितलं त्यातलं मला आठवत नाही, कारण शेजारच्या वहिनींनी ते सगळं घरी जाऊन हिला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आमरस वाटीत आला.

कविसंमेलनाचं फार सांगत नाही. अकरा कवी, प्रत्येकी ‘दोनच कविता’, आणि बाहेर उकडून जीव चाललेला असताना बहुतेकांचा विषय पाऊस. तासगावहून आमच्या कॉलनीत राहायला आलेले एक बागायतदार दर कवितेला अस्वस्थ होत होते. त्यांचा शेवटचा बेदाणा अजून शेडमध्ये रॅकवर होता. “वळवाचं नाव काढू नका म्हणावं राव,” ते मला मागून सांगत होते, जणू कवी माझ्या ताब्यात होते.

सुखाची संध्याकाळ एकच, मुलांच्या नाट्यशिबिराची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ आमच्या सांगलीत उभं केलं. तेव्हापासून इथला माणूस झाडाचं काम करणाऱ्या सहा वर्षांच्या पोरालाही “पाठ प्रेक्षकांकडं नको” असं सांगतो. पण पडदा वर गेला आणि तमाम पालक मोबाईल घेऊन सोफ्यांसमोर उभे राहिले. तासभर मला फक्त शर्टांच्या पाठी दिसल्या. मी कुणालाच दिसलो नाही. चक्क झोपलो.

नाट्यसंगीताला मात्र जागं राहावं लागलं. उकाड्यानं तबला चढला होता. तबलजी हातोडीनं तो उतरवीपर्यंत तंबोरा हटून बसायचा. वीस-पंचवीस मिनिटं ठोकाठोक झाल्यावर गायकांनी भुवया उंचावून विचारलं, “लागला?” मी मान हलवली. त्यांनी नांदी सुरू केली. तबलजींनी माझ्याकडं जे पाहिलं ते मी विसरणार नाही. प्रश्न त्यांना होता.

सहाव्या दिवशी मी बंड केलं. दहा मिनिटं उशिरा गेलो आणि गुपचूप शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो. काय सांगू! मागं वारं असतं. मागं फाटक असतं, चहा असतो, भडंगाची पुडी हातोहात फिरते, कोण आऊट झालं ते कळतं. ज्यांना मी वर्षानुवर्षं ‘अनुपस्थित’ समजत होतो ते सगळे इथं सुखात नांदत होते. विषय होता ‘वाचनसंस्कृती’. वक्त्यांचा आवाज हळूहळू बसत चालला. त्यांनी उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, आणि शेवटी सोफ्यालाच विचारलं, “पटतंय ना?”

सोफा गप्प. आणि मी, साठ फुटांवर, तोंडात भडंग असताना, मान हलवली.

सवय वाईट. आप्पांनी बरोबर हेरलं. ते काही बोलले नाहीत. फक्त कमरेत वाकून निघाले. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, एवढ्या लांब चालायला लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून मीच उठून पुढं गेलो.

समारोपाला विषय होता ‘आटत चाललेलं पाणी’. वक्ते भूजलापर्यंत पोचले आणि आभाळ गडगडलं. तासगावचे बागायतदार आल्या पावली फोन कानाला लावून पळाले. मग धुळीचा लोट, मग टपोरे थेंब, मग सगळंच. साठ-सत्तर माणसं मिनिटात नाहीशी झाली. मंडपवाला मात्र कुठूनसा ओरडत आला, “माणसं राहू द्या, सोफा उचला! उद्या सकाळी लग्न हाय!”

एक बाजू मी धरली, एक मंडपवाल्यानं, एक त्याच्या पोरानं. चौथ्या कोपऱ्याला बघतो तर गळ्यात हार आणि खांद्यावर भिजलेली शाल घेतलेले प्रमुख वक्ते. पार्किंगच्या पत्र्याखाली सोफा टेकला आणि लाईट गेली. पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजत होता. मी दमून सोफ्यावर बसलो. ते उभेच राहिले.

“माझे दोन मुद्दे राहिलेत,” ते अंधारातून म्हणाले.

त्यांनी ते सांगितले. चांगले होते. शेवटी विचारलं, “पटतंय ना?” मी मान हलवली. उत्तर न मिळाल्यामुळं त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा कुठं लक्षात आलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच मी तोंडानं “हो” म्हणालो.

तेवढ्यात तोंडावर बॅटरीचा झोत आला. मागं आप्पा होते, छत्री घेऊन.

“उठू नका, उठू नका,” ते म्हणाले. “समारोपाचा फोटो राहिलाय. जरा पुढं सरकून बसा की.”