फुकट राबायला ‘पॅशन’ लागते म्हणे

इंटर्न हवाय, आणि अनुभव किती? किमान दोन वर्षांचा. अरे, दोन वर्षांचा अनुभव असता तर मी इंटर्न व्हायला कशाला आलो असतो?

अंधेरी-ओशिवऱ्याच्या स्टुडिओंच्या आणि म्युझिक लेबलांच्या, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपन्यांच्या, या जाहिराती वाचून डोक्यात तिडीक जाते. प्रो टूल्स हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर यायला हवं, मेलोडाइनमध्ये बेसूर गायकाला सुरात आणता यायला हवं, शिवाय रील्सही कापून द्यायच्या. लॅपटॉप स्वतःचा. आणि स्टायपेंड? ‘शिकायला मिळेल ना!’

काय शिकायला मिळतं ते सांगतो. एका लेबलात काही महिने काढलेत मी. दिवसभर एक्सेल भरायची. गायक, गीतकार, संगीतकार, आणि प्रत्येक रेकॉर्डिंगचा आयएसआरसी कोड, म्हणजे त्याचा बारा अक्षरं-आकड्यांचा ओळख क्रमांक. त्यात एक अक्षर जरी चुकलं, तरी कुणाचे तरी पैसे अडकू शकतात. म्हणजे दुसऱ्यांचे पैसे नीट पोचावेत म्हणून डोळे फोडणार मी, आणि डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून अंधेरी गाठायचा माझा पास काढणार बाबा. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या, दुसरं काय!

2012 साली कॉपीराइट कायदा बदलला. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा कंपन्यांना करारात लिहून घेता येऊ नये, म्हणून जावेद अख्तर राज्यसभेत तळमळून बोलले होते. उत्तमच झालं. तेव्हापासून ‘कामाचा मोबदला मिळालाच पाहिजे’ हे या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. तेच लोक आम्हाला ऐकवतात, ‘बेटा, इस लाइन में पहले घिसना पडता है.’ बेटा म्हणे! पोटच्या पोराला ठेवाल का असं बिनपगारी?

पोटच्या नाही, पण मित्राच्या पोराला ठेवतात. जाहिरात न देता जागा भरलेली असते. त्याचं घर लोखंडवालात, गाडी बापाची. त्याला फुकट काम परवडतं. षड्ज कशाशी खातात हे माहीत नसलं तरी चालतं.

परवा आणखी एका ठिकाणाहून मेसेज, ‘ट्रायल म्हणून दोन गाणी मिक्स करून पाठवा.’ रात्रभर जागून पाठवली. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. त्यातलं एक जरी उद्या कुठे वाजताना ऐकू आलं ना, तर बिल घेऊन त्यांच्या दारात बसणार आहे. जीएसटीसकट.