लक्ष्या आणि ‘गंभीर भूमिका’: एक खुलासा

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटी ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: ‘लक्ष्मीकांत बेर्डेंना उभ्या आयुष्यात एकही गंभीर भूमिका मिळाली नाही.’ खाली रडक्या इमोजींची रांग. ठाण्यापुरतं तरी हे इथेच थांबवूया.

१९९२ चा ‘एक होता विदूषक’ विसरलात? दिग्दर्शन जब्बार पटेल, पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे, गाणी ना. धों. महानोरांची. तमाशातला सोंगाड्या सिनेमाचा स्टार होतो, मग राजकारणात ओढला जातो. आणि सगळ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या या आबूरावची स्वतःची मुलगी मात्र हसत नाही. तिच्यासमोरचा लक्ष्या बघा. टायमिंग तेच, पण डोळ्यांत वेगळंच काहीतरी. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तिकीटबारीवर मात्र आपटला. (रडके इमोजी तेव्हा थिएटरात हवे होते.)

मेसेजमधली खंत खोटी नाही. अशा भूमिका फारच थोड्या आल्या. हिंदीत तर ‘हम आपके हैं कौन’मधला लल्लू, म्हणजे पुन्हा नोकरच. पण ‘थोड्या’ आणि ‘एकही नाही’ यांत फरक आहे, तेवढा दुरुस्त करून मगच मेसेज पुढे ढकला.