बारा आणे दुखणं

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात मी डॉक्टरांच्या डाव्या हाताला कॉम्प्युटर घेऊन बसते. पेशंट बोलतो, डॉक्टर तपासतात, मी टाइप करते. पेशंट मला नर्स समजतात, कंपाउंडर वशिल्याची समजतो आणि आई गल्लीभर सांगते की आमची डॉक्टरच झाल्यात जमा आहे. खरं पद मेडिकल स्क्राइब. निदान करायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, पदरचा शब्द घालायचा नाही. सगळं ऐकायचं आणि तोंड मिटून बसायचं. आमच्या घराण्यात हे आजवर कुणालाच जमलेलं नाही. मला त्याचा पगार मिळतो.

नोंदीला चार कप्पे. पेशंट सांगतो ते पहिल्यात, तपासणीत सापडतं ते दुसऱ्यात, डॉक्टरांचं मत तिसऱ्यात, पुढे काय करायचं ते चौथ्यात. लॉरेन्स वीड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1960च्या दशकात ही शिस्त लावून दिली. ते एक दिवस आमच्या ओपीडीत बसले असते, तर पहिला कप्पा त्यांनी गोदामाएवढा केला असता.

"ताप हाय," मावशी म्हणतात. थर्मामीटर म्हणतो 98.4. "त्यात न्हाई दिसायचा, हाडातला हाय." मग पहिल्या कप्प्यात हाडातला ताप, दुसऱ्यात 98.4. दोघंही आपापल्या जागी खरे. भांडण सोडवायचं ते तिसऱ्या कप्प्यात, आणि तो माझा नाही.

मुख्य तक्रार शक्यतो पेशंटच्याच शब्दांत लिहायची असते. ती कधी सुरू झाली, हेही लागतं. इथेच ओपीडीचा खोळंबा होतो.

"गुडघा कधीपासून दुखतोय?"

"म्हापूर आलता न्हवं, तवापासनं."

दुसऱ्या गावात हे उत्तर चाललं असतं. सांगलीत विचारावं लागतं, कुठला महापूर? 2005चा, 2019चा की 2021चा? "मारुतीच्या देवळात पाणी आलतं, त्यो." यावर पेशंटचा भाऊ म्हणतो, देवळात दोनदा आलं होतं. कंपाउंडर इंजेक्शन हातात धरून स्वतःच्या घराची पायरी सांगू लागतो. डॉक्टरांनाही आपली बुडालेली गाडी आठवते. शेवटी म्हैस गच्चीवर चढवली होती ते साल कुठलं, यावर एकमत होतं आणि मी टाइप करते : गुडघेदुखी, ऑगस्ट 2019पासून. एवढी पडताळणी करून लिहिलेली तारीख इतिहासाच्या पुस्तकात तरी असते की नाही, शंका आहे.

मग वेदनेचं मोजमाप. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. डॉक्टर समजावून सांगतात. आण्णा शांतपणे ऐकून घेतात.

"तर किती दुखतंय?"

"बारा आणे."

सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे दहात साडेसात. पण चौकट पूर्ण आकडाच घेते. सात लिहिलं तर आण्णांचं दुखणं कमी होतं, आठ लिहिलं तर मी वाढवलं असं होतं. डॉक्टर म्हणतात, आणेच लिहा. मी शेऱ्यात 'बारा आणे' लिहिते. माझ्या मते हेच माप बरं. मागच्या वेळी चौदा होते, औषधानं दोन आणे उतरले, हे आण्णा छातीठोक सांगतात. दहाच्या मापानं असं कुणी सांगत नाही.

व्यसनाचा प्रश्न मी भराभर उरकते. "कसलंच न्हाई" असं म्हणणाऱ्याच्या मागे बायको उभी असेल, तर टाइप करायची घाई करायची नाही, एवढंच.

चालू औषधं मात्र एका पिशवीतून टेबलावर ओतली जातात. सकाळची पांढरी, रात्रीची बारकी पांढरी. पट्टीवरून नाव वाचावं, तर नेमकी नावाची बाजू दुकानात कापून राहिलेली. नाव सापडलं तरी डोस डोळ्यांत तेल घालून लिहावा लागतो. पाच मिलिग्रॅमला 5 लिहायचं, 5.0 नाही, टिंब नजरेतून सुटलं की पन्नास होतात. अर्ध्याला मात्र 0.5च, शून्याशिवाय नाही.

परवा पलूसकडचे एक काका आले. डोकं दुखतं, धडधडतं. प्रेशर 160 वर 100.

"कशानं वाढतं?"

"कारखान्याचं बिल थकलं की."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. "लिहा," ते म्हणाले, "त्यांचेच शब्द आहेत." लिहिलं. कशानं कमी होतं, या चौकटीत 'बिल जमा झालं की'. छातीत दुखत नाही, दम लागत नाही, हेही लिहिलं. विचारलं होतं याचा पुरावा म्हणून 'नाही'सुद्धा नोंदवावं लागतं. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, हे काकांनी ईसीजीच्या तारा लावलेल्या असतानाच सांगितलं. ते कुठल्या कप्प्यात घालावं कळेना.

ईसीजी ठीक निघाला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितलं, माझी नोंद वाचून सही केली आणि म्हणाले, "14 दिवसांनी पुन्हा दाखवा."

काका चप्पल घालता घालता थांबले. "डॉक्टर, तेवढं 14 दिवसांचं सोडून काय बी सांगा."