‘ख्रिस्ती अनाथाश्रमाला कायदा लागत नाही’: फिरत्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या तालमींच्या, गल्लीच्या, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. सारांश असा: ‘मिशनऱ्यांच्या अनाथाश्रमांना कुठलाच कायदा लागत नाही. तिथली मुलं अनाथ नसतातच. परदेशातून हवा तेवढा पैसा येतो, बाळं परस्पर देऊन टाकतात आणि मुलांचा धर्म बदलतात.’ यातली काही वाक्यं साफ खोटी, एक अर्धं खरं. एका वाक्याखाली मात्र खरी काळजीची गोष्ट दडली आहे, पण ती मेसेज लिहिणाऱ्याला दिसलेली नाही.

‘कायदा लागत नाही.’ लागतो. 2015 चा बाल न्याय अधिनियम संस्थाचालकाचा धर्म विचारत नाही. कलम 41 प्रमाणे नोंदणी सक्तीची आणि ती पाच वर्षांसाठी. विनानोंदणी चालवलं तर कलम 42 खाली एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. वर दर 30 दिवसांचा उशीर हा वेगळा गुन्हा. सर्वोच्च न्यायालयाने मे 2017 मध्ये अशा सगळ्या संस्थांच्या नोंदणीसाठी त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरची मुदत घातली होती.

पळवाट दुसरीकडेच आहे. हे शाहू महाराजांच्या बोर्डिंगांचं शहर. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग 1901 चं, पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत. त्यामुळे ‘वसतिगृह’ अशी पाटी दिसली की इथे कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. पण बोर्डिंगात पालक मुलाला शिकायला ठेवतात आणि सुट्टीला घरी नेतात. ज्याला न्यायला कुणी येणारच नाही अशा मुलाला ठेवलं, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, बाल न्याय कायदा लागू होतो. ही पाटी लावणारे सगळ्याच धर्मांत सापडतात.

‘अनाथ नसतातच.’ हे बरंचसं खरं, पण तो गुन्हा नव्हे. कायद्याचा शब्दच ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ असा आहे. रस्त्यावर भीक मागणारं, कामाला लावलेलं, घरात मार खाणारं, आई-बाप असूनही ज्याला सांभाळायला ते असमर्थ आहेत असं मूल त्यात येतं. प्रश्न आई-बाप आहेत का हा नाही. मूल आलं कसं, हा आहे. स्टँडवर सापडलेलं असो की फादरांच्या चिठ्ठीने आलेलं, प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत त्याला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. समिती सामाजिक चौकशी लावते, 15 दिवसांत तिचा अहवाल यावा लागतो, आणि कुठे ठेवायचं ते समिती ठरवते. संस्थेने परस्पर ‘दाखल करून घेतलं’ की तिथेच चुकलं, हेतू कितीही चांगला असला तरी. सरपंचाचं पत्र किंवा आईचा अंगठा समितीच्या आदेशाची जागा घेत नाही.

आता काळजीची गोष्ट. कायद्यात संस्था हा शेवटचा उपाय आहे. विधवा आईला दोन मुलं पोसता येत नाहीत म्हणून मुलं बालगृहात, हे खरं तर व्यवस्थेचं अपयश. राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दर मुलामागे महिना 2,250 रुपये मिळतात आणि मूल घरीच राहतं. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो. तो बहुधा अडकतो मृत्यूच्या दाखल्यावर, उत्पन्नाच्या दाखल्यावर, नाहीतर मुलाच्या बँक खात्यावर. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्याने आपल्या गल्लीतला असा एक अर्ज पुरा करून दिला, तर बालगृहातली एक खाट रिकामी राहील.

‘परदेशी पैसा.’ यावर फार लिहिण्यासारखं नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर ही देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेच्या खात्यातच उतरते, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या वर नेता येत नाही.

‘बाळं देऊन टाकतात.’ साध्या बालगृहाला दत्तक देण्याचा अधिकारच नाही. तो विशेष दत्तक संस्थेचा, तोही केंद्रीय पोर्टलवरच्या यादीप्रमाणे. आईने मूल समितीपुढे सोडलं तरी तिला फेरविचाराला दोन महिने असतात. सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात. परस्पर व्यवहार पैशाने झाला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि मूल ज्याच्या ताब्यात होतं त्यानेच तो केला तर तीन ते सात वर्षं कैद. असं काही दिसलं तर ग्रुपवर नव्हे, 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर सांगावं.

‘धर्म बदलतात.’ ही शंका आजची नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर, म्हणजे विधवा मुलींच्या आश्रमशाळेवर, 1893 मध्ये हेच वादळ उठलं आणि पालकांनी मुली काढून नेल्या. ही शंका नुसती हसून उडवता येत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद 28(3) सांगतो की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. हा नियम मिशनच्या शाळेलाही लागतो.

प्रार्थनेपेक्षा जास्त नुकसान मात्र शाळेच्या जनरल रजिस्टरातला, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीतला, एक रकाना करतो. पहिलीत नाव घालताना कारकून किंवा वॉर्डन सवयीने ‘ख्रिश्चन’ लिहून जातो, कधी नावही नवं घालतो. 1950 च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदू, शीख आणि बौद्धांना आहे. म्हणजे त्या एका शब्दाने मुलाची शिष्यवृत्ती आणि आरक्षण जातं. नाव बदललं असेल तर समितीचा आदेश, आधार आणि दाखला जुळत नाहीत, आणि अनाथांसाठीच्या 1 टक्का आरक्षणाचं प्रमाणपत्रही त्यात अडकतं. म्हणून प्रवेशाच्या दिवशी समितीच्या आदेशात आहे तेच नाव लिहावं, आणि जात-धर्माची नोंद चौकशी अहवालातून घ्यावी. अहवालात नसेल तर रकाना कोरा सोडावा. चूक झालीच असेल तर मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवावा. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर ही दुरुस्ती जवळजवळ होत नाही.