वुशू म्हणजे नुसतं जिम्नॅस्टिक नव्हे

कुंग फूच्या चाहत्यांत एक दावा पुन्हा पुन्हा फिरतो. जुनं कुंग फू केवळ लढण्यासाठी होतं, त्यात दिखावा नव्हता, म्हणून ते खरं सुंदर. १९४९ नंतर चीनच्या सरकारने त्यातली लढाई काढून टाकली आणि वुशू नावाचं जिम्नॅस्टिक उरलं. मला जुन्या शैली मनापासून आवडतात. म्हणूनच त्यांची अशी खोटी तारीफ सहन होत नाही.

‘जुन्या काळी दिखावा नव्हता’ हे आधी पाहू. तांग काळातला कवी तू फू याने लहानपणी पाहिलेल्या गोंगसुन बाईंच्या तलवारनृत्याच्या आठवणीवर इ.स. ७६७ मध्ये कविता लिहिली. सोंग राजवटीत शहरांतल्या करमणुकीच्या बाजारांत कुस्त्या आणि शस्त्रांचे खेळ लोकांसमोर रंगत. आणि सोळाव्या शतकातला सेनापती छी जिग्वांग? समुद्री चाच्यांशी प्रत्यक्ष लढलेला हा माणूस सैनिकांच्या सरावातल्या शोभेच्या हातांवर चिडून लिहितो. म्हणजे मिंग काळातही शोभेचे हात भरपूर चालत होते. त्याच छीने निःशस्त्र लढतीचे ३२ पवित्रे नोंदवले, पण रणांगणावर त्यांचा फारसा उपयोग नाही, हातपाय तयार करायला ते बरे, असंही सांगून टाकलं.

‘सरकारने लढाई काढून टाकली’ यात थोडं तथ्य आहे. पन्नासच्या दशकात लढती मागे पडल्या, हे खरं. पण कुंग फू सर्वांसाठी नियमात बसवण्याचं काम त्याआधीचं: शांघायची जिंगवू संस्था १९१० ची, नानजिंगची राष्ट्रीय संस्था १९२८ ची. शिवाय छांगछुआन या लांब पल्ल्याच्या ठोशा-लाथांच्या आणि उड्यांच्या शैलीतल्या हालचालींच्या नव्या ठरावीक मालिका बसवणाऱ्यांत त्साय लोंगयुन होते. १९४३ मध्ये किशोरवयातच त्यांनी शांघायच्या रिंगणात एका रशियन मुष्टियोद्ध्याला हरवलं होतं. लढाई म्हणजे काय ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढे १९७९ पासून सांडा या प्रत्यक्ष लढतीच्या वुशू प्रकाराचे प्रयोग सुरू झाले आणि ठोसे, लाथा, उचलून आपटणं हे सगळं स्पर्धेत परत आलं. आपल्या पूजा कादियानने २०१७ मध्ये जागतिक सुवर्ण मिळवलं ते वुशूच्या याच प्रकारात.

आता ‘जिम्नॅस्टिक’. छांगछुआनचा खेळाडू धावत येतो, हवेत उडी घेऊन अंग फिरवतो, तळपायावर तळहाताची चापट वाजवतो आणि थेट घोडेस्वाराच्या बैठकीत उतरतो. मांड्या जमिनीला समांतर, पाठ ताठ. पाऊल जरा सरकलं की गुण कापले. मला भावतो तो हा थांबा. इतक्या वेगानंतर शरीर एका क्षणात स्थिर होतं आणि नजर मात्र पुढच्या प्रतिस्पर्ध्यावर रोखलेली असते. ती नजर हलली, तर उडी कितीही उंच असो, वुशू संपलं.

ताईची या जुन्या, बहुतांशी संथ कुंग फू प्रकारातल्या चेन शैलीचं सौंदर्य वेगळं. यानशौ गोंगछुई या हालचालीत पाय आपटतो, पुढे पाऊल पडतं, मग सगळं संथ, गोळा होत जाणारं; आणि अचानक टाचेतून निघालेला जोर कमरेच्या पिळातून मुठीत फुटतो. मूठ जेमतेम हातभर जाते, पण अख्खं अंग थरारतं. हे पाहायला सवय लागते.

‘जीवघेणं म्हणून सुंदर’ हा दावा तर जुन्या शैलींवरच अन्याय करतो. २०१७ मध्ये चीनमधल्या चंगतू शहरात एका ताईची शिक्षकाला एमएमएच्या (मिश्र मार्शल आर्ट्सच्या) लढवय्याने काही सेकंदांत खाली पाडलं आणि लगेच ‘ताईची खोटी’ अशी बोंब उठली. त्या शिक्षकाला लढतीचा सराव नव्हता, एवढंच त्यातून दिसलं. चेन शैलीतला तो कमरेचा पीळ त्याने खोटा कसा ठरतो?

माझी नव्या वुशूबद्दल तक्रार आहे, पण ती दुसरीच. अवघड उड्यांना वेगळे गुण मिळू लागल्यापासून सगळ्यांच्या मालिका एकसारख्या दिसू लागल्या आहेत. दहापैकी पाच गुण हालचालींच्या शुद्धतेला, तीन एकूण सादरीकरणाला आणि दोन उड्या-गिरक्यांना. त्या दोन गुणांसाठी खेळाडू गुडघे झिजवतात आणि शैलीची चव हरवते. यावर जरूर भांडा, मीही सोबत भांडेन.